मिस लव्हिनियाची खोली

"डिलिव्हरी मागच्या दाराने," फाटकाशी उभी असलेली गोरी बाई म्हणाली.

दीक्षाने गाडीची काच पूर्ण खाली केली. "आम्ही डिलिव्हरीला नाही आलो. उद्या इथे साखरपुडा आहे ना, त्यातली नवरी मी. हे माझे आईबाबा."

बाई हसली. तिच्या दातांच्या पलीकडे ते हसू काही गेलं नाही. तिने एकदा सुभाषकडे, एकदा मागच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या अंजनाकडे पाहिलं आणि मग कुठे बाजूला झाली. ती या इनची, म्हणजे जुन्या घरातल्या छोट्या हॉटेलची मालकीण, मिसेस व्हिटकर.

जॉर्जिया राज्यातल्या एका लहान गावात हे जुनं घर होतं. समोर जाडजूड पांढरे खांब, वर लांबलचक गॅलरी, अंगणात गुलाबी फुलांनी लगडलेली झुडपं. व्हिटकरबाईंनी घराचं इन केलं होतं. वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत पाहुणे राहायचे आणि सकाळी खाली मोठ्या टेबलावर नाश्ता करायचे. खोल्यांना नंबर नव्हते. त्या घरात पूर्वी राहून गेलेल्या माणसांची नावं दारांवर पितळी पट्ट्यांत कोरलेली होती. जज हॉरेस, कॅप्टन एलियास, मिस लव्हिनिया.

दीक्षा उत्तरेकडच्या ट्रॉय शहरात एका मोटार कंपनीत काम करायची. अनीश तिथेच तिला भेटला. तो न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये वाढलेला, आईबापांचा एकुलता एक. साखरपुड्यासाठी दीक्षाचे आईबाबा नागपूरहून आले होते. ही जागा निवडली होती अनीशच्या आईने, अहिल्याताईंनी. त्यांचे थोरले भाऊ पुरुषोत्तम अटलांटाजवळ राहायचे आणि त्यांनाच प्रवास झेपत नव्हता, म्हणून सगळ्यांनी इकडे यायचं ठरलं. "हेरिटेज प्रॉपर्टी आहे, फोटो काय सुंदर येतील!" असं अहिल्याताई फोनवर म्हणाल्या होत्या.

त्या आता व्हरांड्यात किल्ल्या घेऊनच उभ्या होत्या.

"या, या. प्रवास कसा झाला? दीक्षा, तू वर, अनीशच्या मावसबहिणीबरोबर. आणि अंजनाताई, तुमच्यासाठी मागची कॉटेज ठेवलीये. अगदी सेपरेट. तुम्हाला प्रायव्हसी."

"वर नाही का काही?" सुभाषने सहज विचारलं. त्याचे गुडघे दुखायचे आणि मागे जायला अंगण ओलांडून बरंच चालावं लागणार होतं.

"वर सगळं फुल्ल हो. आमचीच माणसं इतकी, काय करू?"

दीक्षा म्हणाली, "बाबा, कॉटेज क्यूट आहे, मी वेबसाइटवर पाहिलीये." मग अनीश धावत आला, दोघांच्या पाया पडला आणि त्याने बॅगा उचलल्या. अंजनाला बरं वाटलं. पोरगा वाईट नव्हता. हे तिचं मत अजूनही आहे, आणि दीक्षासमोर ते बोलून दाखवायची तिची हिंमत नाही.

कॉटेज म्हणजे विटांची एक ठेंगणी खोली होती. बिछाना मऊ होता, पडदे लेसचे होते, उशीवर चॉकलेटही ठेवलेलं होतं. व्हिटकरबाई टॉवेल घेऊन आल्या आणि पाठ केल्यासारखं सांगू लागल्या. "ही आमची सगळ्यात जुनी इमारत. इथे पूर्वी स्वयंपाक व्हायचा आणि घरातले मदतनीस राहायचे."

सुभाष बँकेतून निवृत्त झालेला माणूस. वाचनाचं त्याला वेड. त्याने हळूच विचारलं, "मदतनीसांना पगार होता?"

व्हिटकरबाईंनी टॉवेलची घडी पुन्हा नीट केली. "आम्ही इथे पाहुण्यांना सुंदर गोष्टी सांगतो, सर. बाकीच्या गोष्टींसाठी शहरात म्युझियम आहे."

त्या गेल्यावर सुभाष भिंतीजवळ गेला. चष्मा कपाळावर सरकवून त्याने एका विटेवरून बोट फिरवलं. "अंजना, इकडे ये."

विटेत बोटांचे ठसे होते. ओल्या मातीचा गोळा साच्यातून काढताना उमटलेले, भाजून पक्के झालेले. तीन बारीक बोटं. लहान लेकराची असावीत.

"गुलाम पोरांची असतील," सुभाष म्हणाला.

अंजनाने हात लावला नाही. "आपल्याला इथं काऊन ठेवलं?" ती म्हणाली. नागपुरी तिच्या तोंडी रागात आपोआप यायची.

"जागा नाही म्हणते ना ती."

"तुम्हाला पटलं?"

सुभाष पलंगावर बसला आणि गुडघे चोळू लागला. बँकेत असताना तो खूप भांडला होता. बदलीवरून, प्रमोशनवरून, साहेबाच्या एका वाक्यावरून. आता त्याच्यात ते उरलं नव्हतं. "एका रात्रीचा प्रश्न आहे," तो म्हणाला. "पोरीचं होऊन जाऊ दे."

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. टेबलाच्या टोकाला पुरुषोत्तमराव. गोरेपान, ताठ, बोलण्याआधी घसा खाकरणारे. त्यांच्यासाठी अहिल्याताईंनी घरून डबा आणला होता, बाकीच्यांना केटररचं जेवण. अनीशचे वडील हेमचंद्र त्यांच्या शेजारी मान खाली घालून बसले होते. त्या घरात हेमचंद्रांचं बोलणं म्हणजे "हो ना" आणि "बघू या", एवढंच अंजनाच्या कानावर आलं.

"नागपूरला कुठे राहता?" पुरुषोत्तमरावांनी विचारलं.

सुभाषने वस्तीचं नाव सांगितलं.

"अच्छा, अच्छा." ते पोळीचा तुकडा मोडत राहिले. मग दीक्षाकडे पाहून हसले. "दीक्षा! नावातच सगळं आलं."

कुणीतरी हलकेच हसलं. अनीशने पाण्याचा ग्लास उचलला.

"हो," अंजना म्हणाली. "मुद्दामच ठेवलंय."

हसणं थांबलं. अहिल्याताईंनी घाईने भाताचं भांडं पुढे केलं. "अंजनाताई, उद्याचं जरा सांगायचं होतं. तुमची ती बुद्धवंदना आहे ना, ती आपण फोटो झाल्यावर करू. म्हणजे वेळ उरला तर. गुरुजी सकाळीच येणार, मुहूर्त गाठायचा आहे."

"फोनवर ठरलं होतं की आधी वंदना, मग तुमचा विधी."

"ठरलं होतं हो, पण आता दादा म्हणतात..."

दादा जेवत होते. आपल्याबद्दल बोलणं चाललं आहे, याची त्यांना जणू कल्पनाच नव्हती. दीक्षाने आईकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच विनवलं. प्लीज, आई. अंजनाने भात वाढून घेतला.

सकाळी अंजना लवकर आवरून अंगणातून मोठ्या घरात आली. दीक्षाला साडी नेसवायची होती. ती पहिल्यांदाच वर जात होती. मधल्या रुंद जिन्याने चढून ती लांब मार्गिकेत आली आणि सारख्याच दिसणाऱ्या दारांपुढे गोंधळली. दीक्षा म्हणाली होती, डावीकडचं शेवटचं. अंजनाने शेवटचं म्हणून जे दार ढकललं ते शेवटचं नव्हतं. पट्टीवर मिस लव्हिनियाचं नाव होतं.

आत कुणी नव्हतं. उंच छताची हवेशीर खोली, दोन मोठ्या खिडक्या, चार खांबांचा पलंग. पलंगावरच्या पांढऱ्या रजईला सुरकुतीसुद्धा नव्हती. तिच्यावर साड्या मांडल्या होत्या. सुकामेव्याची ताटं, नारळ, शालीचे खोके. एका उशीवर मिठाईचा पुडा टेकून ठेवला होता. कोपऱ्यात एक दार उघडं होतं. ते बाथरूमचं. बाथरूमला पलीकडूनही दार होतं आणि तिथून घसा खाकरल्याचा आवाज आला.

अंजना तशीच उभी राहिली. मागे पावलं वाजली.

"अगबाई, तुम्ही इथे कशा?" अहिल्याताई दारात होत्या.

"ही खोली रिकामी आहे."

"रिकामी कुठे? सामान आहे ना."

"सामान झोपलं होतं का रात्री इथं?"

अहिल्याताईंनी मागे वळून मार्गिकेत पाहिलं, आत आल्या आणि दार लोटलं. आवाज खाली आणला. "अंजनाताई, मला काही नाही हो. मी न्यू जर्सीत सगळ्यांबरोबर राहते, खाते. मी मानत नाही. पण ह्या खोलीचं बाथरूम दादांच्या खोलीशी जोडलेलं आहे. त्यांचं सकाळचं सोवळं, पूजा. त्यांना चालत नाही. वय झालंय त्यांचं, आता कुठे बदलणार? तुम्हीच समजून घ्या."

अंजनाने आयुष्यभर नागपूरच्या मेडिकलमध्ये सिस्टर म्हणून नोकरी केली होती. शेवटी तर वॉर्ड तिच्या ताब्यात होता. तिच्या आवाजाला डॉक्टरसुद्धा वचकून असायचे. तो आवाज निवृत्तीनंतर तिने कुठे वापरला नव्हता.

"तुमच्या दादांसारख्या कितीतरी माणसांना मी स्पंज दिलाय," ती म्हणाली. "त्यांना बेडपॅन दिले, त्यांच्या जखमा धुतल्या. ऑपरेशननंतर माझा हात धरून रडायचे ते. माझ्या हाताला तेव्हा कुणी काही विचारलं नाही."

"अहो, हळू बोला."

"नाही बोलत."

तिने पदर खोचला. पहिलं ताट उचललं, दार उघडलं आणि मार्गिकेतल्या टेबलावर नेऊन ठेवलं. मग दुसरं. मग साड्यांचा गठ्ठा.

"काय करून राहिली तू?" असं म्हणायला सुभाष तिथे नव्हता. अहिल्याताई मात्र ओरडल्या. "ठेवा ते! शगुनाचं सामान आहे! हात नका लावू त्याला!"

त्या 'हात नका लावू'ने सगळी दारं उघडली. मावश्या, मावसभावंडं, केसांत रोलर्स अडकवलेली दीक्षा. बाथरूमच्या पलीकडच्या दारातून रेशमी सोवळं नेसलेले पुरुषोत्तमराव दिसले. त्यांनी अंजनाला पाहिलं आणि आपल्या बाजूचं दार लावून घेतलं. कडीचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

अंजना पलंगावर बसली. "दीक्षाच्या बाबांना बोलवा. आमच्या बॅगा वर येऊ द्या. मुहूर्ताला वेळ आहे, तोवर त्यांचे पाय जरा मोकळे होतील."

गडबड ऐकून व्हिटकरबाई वर आल्या. "मॅडम, तुम्हाला ही खोली दिलेली नाही. बुकिंग ज्यांच्या नावावर आहे त्यांची परवानगी नाही, असं त्या सांगतायत. तुम्ही इथून उठला नाहीत तर मला फोन करावा लागेल."

"कुणाला?" दीक्षाने विचारलं.

"शेरिफच्या ऑफिसला. पोलीस येतील. माझ्या घरात मला गोंधळ नको."

अहिल्याताईंनी त्यांना थांबवलं नाही. हे दीक्षाने पाहिलं.

"काकू," ती म्हणाली, "तुम्ही म्हणालात वर सगळं फुल्ल आहे."

"बाळा, तुझ्या आईला मी सगळं समजावलंय. तू मेकअप कर जा."

"खोली रिकामी होती?"

दीक्षाने अनीशकडे पाहिलं. तो जिन्याच्या तोंडाशी उभा होता. अंगात मोतिया रंगाचा कुर्ता, त्याची वरची बटणं अजून लावायची होती.

"तुला माहीत होतं?"

"लिसन, दीक्षा," तो जवळ येत म्हणाला. "मामा ओल्ड स्कूल आहे. एकच दिवस यार. मी आईला म्हटलं होतं, हे बरोबर नाही. पण तिला टेन्शन आलं होतं. लग्नानंतर कोण विचारतंय मामाला?"

"म्हणजे माहीत होतं."

"मी फिक्स करतो. ओके? काका-काकूंच्या बॅगा मी स्वतः आणतो. आत्ता. आई, तू काही बोलू नकोस."

अहिल्याताई तोंड फिरवून उभ्या राहिल्या. अनीश खाली पळाला. दीक्षा आईशेजारी पलंगावर येऊन बसली. "बघ, आणतोय तो," ती म्हणाली. आईला सांगत होती की स्वतःला, अंजनाला कळलं नाही. तेवढ्या वेळात अंजनालाही वाटलं की कदाचित हे सावरेल. पोरगा बॅगा घेऊन समोरच्या जिन्याने वर येईल, म्हाताऱ्याला दिसेल, म्हातारा दोन दिवस तोंड फुगवून बसेल आणि मग संसार सुरू होईल. माणसं असंच बदलतात, धक्का बसल्याशिवाय बदलत नाहीत.

थोड्या वेळाने मार्गिकेच्या दुसऱ्या टोकाला, कपाटासारखं दिसणारं एक अरुंद दार उघडलं. त्यातून अनीश बाहेर आला. एका हातात सुभाषची बॅग, दुसऱ्यात अंजनाची पिशवी. कुर्त्याच्या खांद्याला चुना लागला होता. त्याच्या मागून धापा टाकत सुभाष.

ते दार कशाचं, हे दीक्षाला ठाऊक होतं. काल व्हिटकरबाईंनी तिला हौसेने दाखवलं होतं. स्वयंपाकघरातून वर येणारा चोरजिना. घरच्या मालकांना दिसू नये म्हणून नोकरांना त्यानेच ये-जा करावी लागे.

"इकडून का आणलंस बाबांना?"

"शॉर्टकट आहे."

"बाबांचे गुडघे दुखतात. तो जिना उभा आहे. समोरून का नाही आणलंस?"

अनीशने बॅग खाली ठेवली. "मामा तयार होऊन खाली हॉलमध्ये जाऊन बसलाय. गुरुजीपण आलेत. उगाच त्यांच्यासमोरून... म्हटलं कशाला सीन? काम झालं ना? बॅगा वर आल्या ना?"

त्याला खरोखरच वाटत होतं की त्याने काम केलं. त्याच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट होतं. दीक्षा ते पाहत राहिली. मग तिने केसांतला एक रोलर काढला. मग दुसरा. एकेक करून सगळे काढले आणि पलंगावर ठेवले.

"बाबा, तुम्हाला खाली उतरता येईल? समोरच्या जिन्याने?"

"येईल की," सुभाष म्हणाला.

"दीक्षा, डोन्ट डू धिस. आपण बोलू."

"तू बोलायचं होतंस. माझ्याशी नाही, मामांशी."

"मुली, शब्द दिलाय आम्ही चार लोकांना," अहिल्याताई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज खाली नव्हता. "इतकं करूनही तुम्हा लोकांचं हे असंच. आपली पायरी सोडून घरात घ्यायला गेलं की डोक्यावर बसता!"

हेमचंद्र "अगं" एवढंच म्हणाले. अंजना उठली. अहिल्याताईंच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. अहिल्याताई नकळत मागे सरकल्या.

"आता खरं बोललात," अंजना म्हणाली. "कालपासून वाट पाहत होते."

दोघींनी बॅगा उचलल्या आणि तिघं मधल्या जिन्याने उतरली. सुभाष कठड्याला धरून सावकाश उतरत होता आणि दोघी त्याच्या चालीने उतरत होत्या. हॉलमध्ये गुरुजी चौरंग मांडत होते. पुरुषोत्तमराव खुर्चीत मोबाइल बघत होते. त्यांनी मान वर केली नाही. सुभाष त्यांच्यासमोर थांबला. काहीतरी बोलावं असं त्याच्या मनात होतं, असं तो नंतर म्हणाला, पण तोंडात आलं ते एवढंच: "नमस्कार. जय भीम."

पुरुषोत्तमरावांचा अंगठा मोबाइलवर थबकला.

अनीश गाडीपर्यंत आला. काचेवर हात ठेवून काहीतरी म्हणत राहिला. दीक्षाने गाडी सुरू केली तेव्हा त्याने हात काढून घेतला. फाटकाशी व्हिटकरबाई उभ्या होत्या. त्या बाजूला झाल्या, या वेळी लगेच.

गाडी हायवेला लागली. मग दीक्षा एकदम ओरडली. "तुला कोणी सांगितलं होतं ते दार उघडायला?"

अंजनाने मांडीवरची पिशवी जवळ ओढली.

"मी तुला म्हटलं होतं, डावीकडचं शेवटचं! तू ते दार उघडलं नसतंस तर मला कळलंही नसतं. साखरपुडा झाला असता. आम्ही ट्रॉयला गेलो असतो. तो मामा आम्हाला वर्षातून एकदा भेटला असता!"

"कळलं नसतं तर बरं झालं असतं का?"

"हो! आज तरी हो!" तिला रडू फुटलं. रस्ता दिसेना तेव्हा तिने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. सुभाषने तिच्या पाठीवर हात ठेवला तो तिने झटकला. "तुम्ही दोघं तर बोलूच नका. बाबा, तुम्हाला कालच कळलं होतं. मला दिसत होतं तुमच्या तोंडावर. तुम्ही का नाही बोललात?"

सुभाष पुन्हा गुडघे चोळू लागला.

पुढे रस्त्याच्या कडेला एका माणसाने टेम्पोच्या मागे मोठं पातेलं उकळत ठेवलं होतं. वाफ दिसत होती. अंजना गाडीतून उतरली आणि चालत तिकडे गेली. पातेल्यात मिठाच्या पाण्यात भुईमुगाच्या शेंगा शिजत होत्या. त्या माणसाचं बोलणं तिला कळेना आणि तिचं त्याला. त्याने न विचारता मोठी पिशवी भरली. काळा, पोट सुटलेला, उन्हाने डोळे बारीक केलेला माणूस. नवरी मुलगी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडते आहे, हे त्याला तिथून दिसत होतं. त्याने वर आणखी एक मूठ टाकली.

अंजना परत येऊन बसली. पिशवी तिने पुढच्या दोन सीटांच्या मध्ये ठेवली आणि शेंगा सोलू लागली. सकाळपासून कुणी काही खाल्लं नव्हतं.

दीक्षाचा फोन वाजत होता. अनीशचं नाव पडद्यावर येत होतं, जात होतं. तिने तो उचलला नाही आणि बंदही केला नाही. नाक पुसलं, पिशवीत हात घातला आणि एक शेंग काढून दातांनी फोडली. आईकडे तिने पाहिलं नाही. त्या दिवशी नाही, आणि ट्रॉयला पोहोचल्यावरही कितीतरी दिवस नाही. पण एक शेंग झाल्यावर तिने दुसरी घेतली.